काट्यावरचे वजन आणि पायांतले बळ : साठीनंतर वजन उतरवण्याची रीत

आमच्या साताऱ्याच्या घरी गौरी बसल्या होत्या आणि पूजा आटोपल्यावर आई पाटावरून उठेना. आधी तिने उजवा हात जमिनीवर टेकवला, मग डावा टेकवला, मग कपाटाची कड धरली, आणि शेवटी मान वर करून मला म्हणाली, "अगं, हात दे जरा, उठवत नाही." तेव्हा ती 67 वर्षांची होती आणि आदल्या चार महिन्यांत तिने आपले वजन 72 किलोंवरून 63 वर आणले होते. गुडघ्यांसाठी वजन कमी करण्याचा सल्ला तिला मिळाला होता, आणि तो सल्ला योग्यच होता. रात्रीचे जेवण बंद, दूध बंद, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ आमटी, शिवाय रोज सकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालणे, हा नेम तिने एकही दिवस मोडला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका "किती छान बारीक झालात" म्हणून तिचे कौतुक करत होत्या, आणि त्याच दुपारी तिला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते.

वजन कसे कमी करायचे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. त्यानंतर मी जे वाचले, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे शिकले, आणि वर्षभर आमच्याच स्वयंपाकघरात मोजून-तोलून जे करून पाहिले, ते इथे क्रमाने लिहीत आहे. साठीच्या पुढचे, वजन जास्त असलेले आणि ते उतरवण्याचे कारण असलेले आईवडील ज्यांच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उतरलेल्या किलोमध्ये काय काय असते

वजनकाटा एकच आकडा दाखवतो. त्या आकड्यात चरबी किती गेली, पाणी किती गेले आणि स्नायू किती गेले, हे तो सांगत नाही. केवळ कमी खाऊन वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि इतर निश्चरबी ऊतींचा असतो. तिशीतल्या माणसाला हे नुकसान भरून काढता येते. म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वेगळी आहे, कारण वय वाढते तसे स्नायू आपोआपच झिजत असतात आणि साठीनंतर ही झीज वेग घेते. त्यात आणखी एक अडचण आहे. तरुण शरीर थोड्या प्रथिनांवरही स्नायू बांधू लागते. उतारवयात तेवढ्याच प्रथिनांना स्नायू पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, त्यांना एका जेवणात जास्त मात्रा लागते. म्हणजे गरज वाढते त्याच वयात भूक कमी होते, दात साथ सोडतात आणि ताटातली डाळ पातळ होत जाते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो प्रसिद्ध केला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला किरकोळ, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली भारतीय ठेवण असते. स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असलेल्या माणसाने वजन उतरवताना ती आणखी खर्च करणे परवडणारे नाही.

यावर उपाय आहे आणि तो मोजून सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरील 107 स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार कमी केलेल्या गटाचे निश्चरबी वस्तुमान, म्हणजे चरबी सोडून उरलेले शरीराचे वजन, 5 टक्क्यांनी घटले, तर आहाराला व्यायामाची जोड दिलेल्या गटाचे 3 टक्क्यांनी. वजन मात्र दोन्ही गटांचे जवळपास सारखेच उतरले होते. त्याच संशोधकांनी 2017 मध्ये पुढचा प्रश्न विचारला, की व्यायाम कोणता करावा. आहार कमी करून चालण्यासारखा, ताकदीचा किंवा दोन्ही प्रकारचा व्यायाम करणारे असे तीन गट होते, आणि तिन्ही व्यायामगटांचे वजन सारखेच, सुमारे 9 टक्क्यांनी कमी झाले. पण चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे निश्चरबी वस्तुमान 5 टक्क्यांनी घटले आणि वजने उचलून ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे फक्त 2 टक्क्यांनी. दोन्ही प्रकार करणाऱ्यांचे 3 टक्क्यांनी घटले आणि त्यांच्या रोजच्या हालचालीची क्षमता सर्वांत जास्त सुधारली. माझी आई नेमकी पहिल्या प्रकारात मोडत होती: ती चालत होती आणि खात नव्हती.

म्हणून या सगळ्याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि घरोघरी तो उलटा केला जातो. आधी ताकदीचा व्यायाम सुरू करावा, मग ताटातली प्रथिने वाढवावीत, आणि हे दोन्ही अंगवळणी पडल्यावरच खाणे कमी करावे.

सुरुवातीआधी: वजन खरोखर उतरवायचे आहे का

प्रत्येक जाड आजीआजोबांनी बारीक व्हायलाच हवे असे नाही. थोडेसेच जास्त वजन असेल, त्याचा काही त्रास नसेल आणि माणूस हिंडता-फिरता असेल, तर म्हातारपणी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. आहे ते वजन टिकवून बळ वाढवावे, असेच वृद्धांच्या पोषणाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गुडघेदुखी, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे किंवा चालताना लागणारी धाप यांसारखे वजनाशी निगडित कारण असेल, तेव्हाच या वाटेने जावे. याउलट, काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन 5 टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर ते यश समजू नये. त्यामागे आजार असू शकतो आणि त्याचा तपास आधी करून घ्यायला हवा.

डॉक्टरांना भेटताना तीन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. पहिली मूत्रपिंडाची. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती चांगले गाळतात ते सांगणारे आकडे) यांचा ताजा अहवाल हवा, कारण ईजीएफआर 30 च्या खाली असून डायलिसिस चालू नसेल, तर जास्त प्रथिने सोसत नाहीत आणि पुढे दिलेले आकडे त्या रुग्णासाठी नाहीत. त्याहून सौम्य मूत्रपिंडविकारातही प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. दुसरी औषधांची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भाकरी-भात कमी केला तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि वजन घटू लागल्यावर रक्तदाबाची जुनी मात्रा जास्त होऊन उठताना चक्कर येऊ शकते. दोन्हींच्या मात्रा वेळोवेळी बदलाव्या लागतात. तिसरी गोष्ट ड आणि ब12 या जीवनसत्त्वांची तपासणी. शाकाहारी घरात ब12 ची कमतरता नेहमी आढळते, आणि ती असेल तर पायांतला अशक्तपणा नुसत्या डाळीने जात नाही.

घरच्या घरी मोजमाप

एक सरळ पाठीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. आईने किंवा वडिलांनी दोन्ही हात छातीवर दुमडून घ्यावेत आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. आपण मोबाइलवर वेळ लावावी. आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये ठरवलेल्या निकषानुसार पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर स्नायूंची कार्यक्षमता कमी झाली आहे असे समजावे. आईला पहिल्या दिवशी 19 सेकंद लागले, आणि चौथ्या वेळी तिने नकळत हात मांडीवर टेकवला. त्यानंतर शिवणाची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजावा. पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा तो कमी असेल, तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. मात्र पायांना सूज असेल तर हे माप फसवते, आणि स्थूल माणसाची पोटरी चरबीमुळेही जाड दिसते. बेंबीच्या पातळीवरचा कमरेचा घेरही लिहून ठेवावा.

हे तीन आकडे आणि वजन एका वहीत, तारखेसह उतरवावे. पुढे दर पंधरा दिवसांनी हीच मापे पुन्हा घ्यायची आहेत. कमरेचा घेर कमी होत जावा, पोटरी टिकावी आणि खुर्चीची वेळ घटत जावी, हेच आपल्याला साधायचे आहे. वजनाचा आकडा त्यानंतर पाहावा.

प्रथिने किती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. हा आकडा निरोगी, वजन न उतरवणाऱ्या प्रौढासाठी आहे. वृद्धांसाठी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, आणि आजारपणाची जोड असेल तर 1.2 ते 1.5 ग्रॅम असे प्रमाण सांगितले. खाणे कमी करत असताना मी 1.2 हा आकडा धरते. वजन बरेच जास्त असेल तर आजच्या वजनाने गुणण्याऐवजी जिथे पोहोचायचे आहे त्या वजनाने गुणावे, नाहीतर आकडा उगाच फुगतो. आईसाठी आम्ही 58 किलो हे लक्ष्य धरले. 58 गुणिले 1.2 म्हणजे रोज सुमारे 70 ग्रॅम.

एवढी प्रथिने एकाच जेवणात घेऊन भागत नाही. उतारवयात स्नायूंची बांधणी जोमाने सुरू होण्यासाठी एका बैठकीला साधारण 25 ते 30 ग्रॅम प्रथिने लागतात असे मानले जाते. लहान चणीच्या बाईला 20 ते 25 ग्रॅमही चालून जातात. आपल्या घरांत सकाळी चहा-पोहे, दुपारी भरपूर भाकरी, रात्री जरासा खिचडीभात अशी वाटणी असते आणि सकाळच्या ताटात प्रथिने जवळपास नसतातच. तीनही जेवणांत ती सारखी वाटली जायला हवीत. सगळ्यांत मोठी दुरुस्ती न्याहारीत करावी लागते, असा माझा अनुभव आहे.

आमटी गाळून पाहावी

आई डाळ खाते, दूध घेते, मग प्रथिने कमी कशी, असे मलाही वाटत होते. एका रविवारी मी तिच्या वाट्याची आमटी चहाच्या गाळणीतून गाळली. पिवळे पाणी खाली उतरले आणि गाळणीत शिजलेल्या डाळीचा दोन चमच्यांएवढा लगदा उरला. मग हिशेब केला. चार माणसांच्या आमटीला आम्ही अर्धी वाटी तूरडाळ घालत होतो, ती काट्यावर 60 ग्रॅम भरली. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 15 ग्रॅम डाळ आणि जेमतेम 3 ग्रॅम प्रथिने. त्यातही आई वरवरचे निवळ पाणी घेऊन घट्ट भाग नातवंडांच्या ताटात वाढायची. तिच्या पूर्ण दिवसाची बेरीज 25 ग्रॅमही होत नव्हती.

म्हणून पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्यावा आणि पहिले पंधरा दिवस तिच्या किंवा त्यांच्या वाट्याचे कोरडे धान्य वेगळे तोलावे. नंतर हाताला अंदाज येतो. बहुतेक डाळी आणि कडधान्यांत दर 100 ग्रॅम कोरड्या वजनामागे 20 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात: तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी, आपल्या माणदेशातला हुलगा, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा, सगळे याच पट्ट्यात येतात. शिजल्यावर पाणी शोषून वजन अडीच-तीन पट होते, त्यामुळे शिजलेल्या वाटीवर कोरड्या धान्याचे आकडे लावू नयेत. मोड आणल्याने कडधान्य पचायला हलके होते. प्रथिने वाढत नाहीत. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 ते 19, गायीच्या 200 मिलिलिटर दुधात साडेसहा, आणि 150 ग्रॅम दह्यात 5 ग्रॅम. ताकात पाणी घातल्यामुळे ग्लासभर ताकाला दह्याची वाटी समजू नये. ज्वारीच्या 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 5 ग्रॅम असतात, आणि ती टाकाऊ नव्हेत: धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत मिथिओनिन कमी असते, दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून निघते. झुणका-भाकरीचा हा मेळ आपल्या पूर्वजांनी बसवला आहे. फक्त वजन उतरवताना भाकरी एक आणि झुणका भरपूर, अशी अदलाबदल करावी लागते.

शाकाहारी घराची खरी अडचण इथे सांगितली पाहिजे. डाळीबरोबर पिष्टही येते, त्यामुळे नुसत्या डाळीने 70 ग्रॅम गाठायला गेले तर कॅलरी वाढतात आणि पोट गच्च होते. म्हणून दही, दूध, पनीर आणि सोयाबीन यांचा आधार घ्यावाच लागतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शिवारेच्या शिवारे सोयाबीनची असतात, पण ते पीक थेट बाजारात आणि तिथून तेलगिरणीत जाते. घरच्या ताटात ते क्वचितच येते, याची मला मनापासून खंत वाटते. सोयाबीनमध्ये 35 ग्रॅमहून अधिक, आणि तेल काढलेल्या सोयाबीनपासून केलेल्या सोयावडीत 50 ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. 25 ग्रॅम सोयावडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, रश्श्यात घातली तर सुमारे 85 कॅलरींत 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. घरचे सोयाबीन दळायचे असेल तर ते आधी चांगले शिजवून वाळवावे किंवा खमंग भाजावे, कारण कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

आईचा ठरलेला दिवस असा आहे. सकाळी 40 ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, वाटीभर दही आणि ग्लासभर बिनसाखरेचे दूध, म्हणजे 21 ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक भाकरी, 40 ग्रॅम मटकीची घट्ट उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही, म्हणजे 20 ग्रॅम. चार वाजता 30 ग्रॅम फुटाणे, 6 ग्रॅम. रात्री एक फुलका, 25 ग्रॅम डाळीचे घट्ट वरण आणि 75 ग्रॅम पनीरची भुर्जी, म्हणजे 22 ते 23 ग्रॅम. एकूण 70 ग्रॅमच्या आसपास आणि तेल धरून साधारण 1400 कॅलरी. अंडी चालत असतील तर रात्री पनीरऐवजी दोन अंडी घ्यावीत. जवळपास तेवढ्याच प्रथिनांत कॅलरी आणखी कमी होतात.

मांसाहारी घरातही हिशेब तपासावा. आमच्या भागात रविवारी मटण होते, पण म्हातारी माणसे रश्श्यात भाकरी कुस्करून खातात आणि फोडी पोरांना देतात. रश्श्यात तेल, मसाला आणि चव असते. प्रथिने फोडीत असतात. वाढताना त्यांच्या ताटात फोडी आधी वाढाव्यात, आणि दातांमुळे मटण चावत नसेल तर खिमा किंवा कोंबडी शिजवावी.

दातांचा विषय कमी महत्त्वाचा समजू नये. कवळी सैल असली की माणूस उसळ, फुटाणे, मांस हे सगळे न सांगता सोडतो आणि चहात बिस्कीट बुडवून खाऊ लागतो. कवळी दुरुस्त करून घ्यावी, आणि तोवर मऊ पदार्थ करावेत: पिठले, हुलग्याचे शेंगोळे, मुगाचे घट्ट कढण, कुकरला जास्त शिट्ट्या करून मऊ केलेली उसळ, फुटाण्यांऐवजी दुधात कालवलेले डाळ्याचे पीठ. हुलग्याचे माडगे पौष्टिकच असते, पण ते पातळ असल्यामुळे वाटीभर माडग्यात 4 ग्रॅमच्या आसपासच प्रथिने येतात. ते जेवणाला पूरक म्हणून घ्यावे, जेवणाऐवजी नव्हे. कडधान्यांनी गॅस होतो म्हणणाऱ्यांनी एकदम वाढवू नये. दर चार दिवसांनी 10 ग्रॅम वाढवावे, भिजवलेले पाणी फेकावे, फोडणीत हिंग आणि आले घालावे. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचे पोट सरावते.

उपवासांचेही पाहावे लागते. श्रावण, चतुर्थी, एकादशी मिळून महिन्यात कितीतरी दिवस साबुदाण्यावर निघतात, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ शून्य असतात. उपवास सोडायला सांगू नये. श्रद्धेच्या माणसाला ते लागते आणि मग ते आपले काहीच ऐकत नाहीत. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, पनीर आणि मूठभर शेंगदाणे यांवर उपवास करावा. आईने हे सहज स्वीकारले.

डब्यातली प्रथिन पावडर लागतेच असे नाही. भूक फारच कमी असेल तर व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाची एक मात्रा 20 ते 25 ग्रॅम प्रथिने देते आणि पोट भरत नाही, हा तिचा उपयोग खरा आहे. पण म्हाताऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक डब्यांत साखर आणि माल्ट जास्त असते. डब्याच्या मागे 100 ग्रॅममागे प्रथिने किती, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पायांना आणि हातांना काम

नव्वदीतल्या माणसांचे बळ वाढते का, याचे उत्तर 1990 मध्येच मिळाले आहे. बोस्टनमधील वृद्धाश्रमातील, सरासरी 90 वर्षांच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम दिला गेला, आणि त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. सत्तरीच्या आईला आता काय व्यायाम, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

ज्यांना छातीत दुखते, रक्तदाब आटोक्यात नाही, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करावे. बाकीच्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार असे एकाआड एक तीन दिवस धरावेत. एका वेळी पंचवीस-तीस मिनिटे पुरतात.

सर्वांत आधी खुर्चीवरून उठणे. खुर्ची भिंतीला टेकवावी, पावले खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुकावे आणि श्वास सोडत उठावे. खरा व्यायाम बसताना होतो: मनात तीन आकडे मोजत हळूहळू खाली यावे, धपकन बसू नये. उठता येत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करावी. आईने दोन उशांनी सुरुवात केली होती. आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटे विश्रांती, मग पुन्हा तेवढेच. बारा वेळा सहज जमू लागले की एक उशी काढावी, मग दुसरी काढावी, आणि नंतर किलोभर डाळीची पुडी छातीशी धरून उठावे. शेवटच्या दोन वेळा कठीण जाव्यात इतका भार असला पाहिजे. सहज होणाऱ्या वीस उठबशांपेक्षा कष्टाने होणाऱ्या दहांचा उपयोग जास्त होतो. इथेच बहुतेक घरे चुकतात. आईला त्रास होईल म्हणून तोच हलका व्यायाम सहा महिने चालू राहतो आणि बळ तिथल्या तिथे राहते.

त्यानंतर भिंतीवर हात टेकवून केलेले जोर, ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन कोपर मागे ओढणे, एवढे पुरे. बाटली एक लिटरवरून दोन लिटरवर न्यावी. जमिनीवरून पाण्याने अर्धी भरलेली बादली गुडघे वाकवून उचलणे आणि घरातल्या घरात दहा पावले नेणे हाही उत्तम व्यायाम आहे, पण तो कंबर धडधाकट असेल तरच करावा. शेवटी तोल सांभाळण्यासाठी ओट्याला एक हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. हे रोज केले तरी चालते. श्वास रोखू नये. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणे अपेक्षित आहे, सांध्यात कळ येणे नाही. कळ आली तर बैठक उंच करावी किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

चालणे मात्र सोडू नये. लोणंद-फलटणच्या वाटेने दरवर्षी माउलींची पालखी जाते आणि सत्तरीची माणसे पंढरपूरपर्यंत पायी जातात, त्यांचा दम आणि मन चालण्यानेच घडलेले असते. हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी चालणे हवेच. अन्न कमी करत असताना स्नायू राखण्याचे काम मात्र ते एकट्याने करू शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता खाणे कमी करावे, आणि कुठून करावे

व्यायाम आणि प्रथिने तीन-चार आठवडे नीट चालली की मग रोजच्या गरजेपेक्षा सुमारे 500 कॅलरी कमी कराव्यात. वृद्धांनी दिवसाला 1000 ते 1200 कॅलरींच्या खाली कधीही जाऊ नये, आणि आठवड्याला पाव ते अर्धा किलो या गतीने वजन उतरू द्यावे. त्याहून वेगाने उतरले तर आनंद मानण्याऐवजी वही उघडून पोटरीचा घेर पाहावा. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या 5 टक्के उतरले तरी गुडघ्यांना आणि साखरेला फरक जाणवू लागतो.

कात्री चालवायची ती चहातल्या साखरेवर, बिस्किटांवर, फरसाण-भडंगावर, दुसऱ्यांदा घेतलेल्या भातावर आणि फोडणीच्या तेलावर. आईचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे केवळ साखरेच्याच सुमारे 200 कॅलरी होत होत्या. घरात महिन्याला किती तेल येते ते माणशी मोजावे; बहुतेक घरांत तिथेच निम्मा प्रश्न सुटतो. दूध, दही, डाळ आणि अंडी यांना हात लावू नये. रात्रीचे जेवण पूर्ण बंद करू नये, कारण मग सत्तर ग्रॅम दोन जेवणांत बसवता येत नाहीत. वजन उतरवणारी इंजेक्शने डॉक्टरांनी सुरू केली असतील, तर हे सगळे अधिकच काटेकोर पाळावे: त्यांनी भूक इतकी मरते की ताटातले पहिले सुटते ते बहुधा प्रथिनच असते. अशा वेळी उसळ, अंडी, पनीर आधी खावे आणि भाकरी शेवटी.

काही खुणा दिसल्या तर अन्न कमी करणे लगेच थांबवावे: खुर्चीची वेळ सलग दोन मोजमापांत वाढली, उठताना चक्कर आली, माणूस पडला, किंवा ताप-जुलाबाने अंथरुणाला खिळला. आजारपणात अंथरुणावर पडून राहिल्याने काही दिवसांतच पायांचे स्नायू झपाट्याने झिजतात. त्या काळात वजनाचा विचार सोडून जेवढे खाववेल तेवढे प्रथिनयुक्त खायला द्यावे, पलंगावरच टाचा दाबणे आणि पाय सरळ उचलणे करून घ्यावे, आणि पूर्ण बरे वाटल्यावर पुन्हा एका उशीने सुरुवात करावी. मागच्या पावसाळ्यात आईला ताप आला होता, तेव्हा आम्ही असेच केले. तीन आठवड्यांनी ती पूर्वीच्या पातळीवर आली.

वर्षभरानंतर वहीतले शेवटचे आकडे असे आहेत: वजन 60 किलो, कंबर 7 सेंटिमीटरने कमी, पोटरी 33 वरून 34, खुर्चीवरून पाच वेळा उठायला 11 सेकंद. 58 गाठायचे की 60 वरच थांबायचे, हे अजून ठरलेले नाही. आईचे म्हणणे आहे की थांबावे, आणि डॉक्टरही तेच म्हणतात. यंदा गौरी बसल्या तेव्हा ती पाटावरून उठताना मी सवयीने हात पुढे केला, तर तिने त्या हातात निरांजनाचे ताट दिले आणि स्वतः उठली.